नोकरीसाठी लस सक्तीची करावी का?

प्रश्न विचारणाऱ्यांची संस्था दीडशे माणसांची आहे. एक ऑफिस, एक मोठं गोदाम आणि गोदामाला लागून प्रथमोपचाराची खोली, जिथे एक नर्स बसते. कोविडच्या काळात त्यांनी गेटवर नोटीस लावली होती : दोन डोस झाल्याशिवाय आत प्रवेश नाही. ती नोटीस आजवर कुणी रद्द केलेली नाही. आता काही कर्मचारी म्हणतात, फ्लूची लसही सगळ्यांना सक्तीची करा, लस न घेतलेल्याच्या शेजारी आम्ही बसणार नाही. दुसरे म्हणतात, आमच्या दंडात काय टोचायचं हे कंपनीनं ठरवायचं नाही. मालकांनी विचारलंय : सक्ती करावी की नाही?

मी गेली बावीस वर्षं कामगारांच्या आरोग्याचं काम करतो. त्यातली नऊ रुग्णालयांत, बाकीची कारखाने, प्रयोगशाळा आणि गोदामांत. माझं उत्तर आधीच सांगतो. दीडशेच्या दीडशे जणांना सरसकट सक्ती करू नका. पण काही कामं अशी आहेत की तिथे ठरावीक लस घेतल्याशिवाय मी स्वतः कुणालाही उभं राहू देत नाही, आणि त्या बाबतीत मी मागे हटत नाही. सगळा प्रश्न आहे तो काम कोणतं आणि लस कोणती, हे जुळवण्याचा. 'कर्मचारी' आणि 'लसीकरण' असे दोन मोठे शब्द समोरासमोर ठेवले की नुसता वाद होतो.

म्हणून आधी विचारायचं ते हे की लस कुणाला वाचवते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, गंजक्या पत्र्याच्या जखमेतून शिरतात, पण एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत. गोदामातल्या माणसानं धनुर्वाताचं इंजेक्शन नाकारलं तर धोका त्याचा त्यालाच आहे. शेजाऱ्याला काही होणार नाही. गोवराचं अगदी उलट. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात, आणि प्रतिकारशक्ती नसलेले दहा जण त्याच्या सहवासात आले तर त्यातल्या नऊ जणांना लागण होते. नवजात बाळांच्या किंवा कॅन्सरच्या वॉर्डात काम करणाऱ्या माणसानं गोवराची लस नाकारली, तर त्या नकाराची किंमत तिथे झोपलेलं मूल मोजतं, ज्याला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. दोन्ही नकारांना एकाच फुटपट्टीनं मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

फ्लूची लस या दोन्हींच्या मधे बसते. लस त्या हंगामातल्या विषाणूशी नीट जुळली तर ती साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण देते, आणि दरवर्षी नव्यानं घ्यावी लागते. ती घ्यावी, मी स्वतः दरवर्षी घेतो. पण एवढ्या संरक्षणासाठी हिशेब लिहिणाऱ्या माणसाची नोकरी धोक्यात घालणं मला पटत नाही.

कोविडच्या लसीनं तर आम्हा सगळ्यांनाच शिकवलं की सक्तीमागचं कारण काही महिन्यांत बदलू शकतं. २०२१च्या मध्यापर्यंत लस घेतलेल्या माणसाला लागण होण्याची आणि त्याच्याकडून दुसऱ्याला ती होण्याची शक्यता बरीच कमी होत होती. 'तुमच्यासाठी नाही तर सहकाऱ्यांसाठी घ्या' हे म्हणणं खरं होतं. नोव्हेंबर २०२१मध्ये ओमायक्रॉन आला. गंभीर आजारापासून आणि मृत्यूपासून लस पुढेही चांगलं संरक्षण देत राहिली, पण लागण रोखण्याची तिची ताकद पुष्कळ घटली आणि जी उरली तीही लवकर ओसरू लागली. म्हणजे लस घेण्याचं कारण पक्कं राहिलं, सक्तीचं कारण मात्र ढिलं झालं. गेटवरच्या नोटिसा तशाच राहिल्या, कारण त्यांवर मुदत लिहिलेली नव्हती. तुमची नोटीस आजच काढा. पुढे कधी अशी नोटीस लावावी लागली तर तिच्यावर फेरविचाराची तारीख टाका, सहा महिन्यांपेक्षा लांबची नको.

कायद्याबद्दल थोडक्यात. तो प्रत्येक देशात वेगळा आहे आणि तुमच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळही धोरणात घालू नका. पण न्यायालयांनी ज्या पद्धतीनं विचार केला तो डॉक्टर म्हणून मला जवळचा वाटतो. लससक्तीच्या बाजूनं नेहमी १९०५चा अमेरिकेतला जेकबसन खटला सांगितला जातो. देवीची साथ होती, लस नाकारणाऱ्याला ५ डॉलर दंड झाला होता आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. मात्र ती सत्ता सरकारची होती, कंपनीची नव्हे, आणि शिक्षा दंडाची होती, पोटावर पाय देण्याची नव्हे. त्याच न्यायालयानं १३ जानेवारी २०२२ला एकाच दिवशी दोन निकाल दिले. शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या सगळ्या कंपन्यांना लागू असलेला 'लस घ्या, नाहीतर दर आठवड्याला चाचणी आणि मास्क' हा नियम रोखला. सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांतल्या आणि शुश्रूषागृहांतल्या कर्मचाऱ्यांसाठीची सक्ती चालू दिली. पहिल्या निकालातला मुद्दा असा होता की कोविड घरी, शाळेत, खेळाच्या मैदानावर, सगळीकडेच पसरतो; तो कामामुळे येणारा वेगळा धोका नाही. जिथे कामाच्या स्वरूपामुळेच धोका वाढतो, उदाहरणार्थ त्या विषाणूवर संशोधन करणारी प्रयोगशाळा, तिथे वेगळे नियम चालतील असंही त्यात म्हटलं होतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ला सांगितलं की स्वतःच्या शरीरावरचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमाचा भाग आहे आणि कुणालाही बळजबरीनं लस देता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, पण ते धोक्याच्या प्रमाणात हवेत. आणि खासगी संस्थांनीही आपापले निर्बंध तपासून पाहावेत असंही न्यायालयानं सुचवलं. धोक्याच्या प्रमाणात, हे शब्द मी माझ्या प्रत्येक धोरणाच्या पहिल्या परिच्छेदात घालतो.

सक्तीनं टक्केवारी वाढत नाही, असं मी म्हणणार नाही. ती वाढते. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात कर्मचाऱ्यांमध्ये फ्लूच्या लसीचं प्रमाण ५४ टक्क्यांवर अडकलं होतं. २००५मध्ये त्यांनी ती नोकरीची अट केली आणि पहिल्याच वर्षी ते ९७.६ टक्क्यांवर गेलं, पुढची चार वर्षं ९८च्या वर राहिलं. लस नाकारून नोकरी सोडणारे ०.२ टक्क्यांहूनही कमी निघाले. हे आकडे मी लपवत नाही, कारण रुग्णालयासाठी मला ते धोरण योग्यच वाटतं. फक्त हे विसरू नका की तिथेही नर्सच्या युनियननं लवादाकडे दाद मागितली आणि त्यांच्या सदस्यांना अट लागू करता आली नाही. त्यांना हंगामात मास्क लावून काम करू देण्यात आलं. पर्याय निघाला, आणि रुग्णालयही चालू राहिलं.

उलट इंग्लंडमधल्या वृद्धाश्रमांचं पाहा. ११ नोव्हेंबर २०२१पासून तिथल्या कर्मचाऱ्यांना कोविडची लस सक्तीची झाली आणि १५ मार्च २०२२ला ती सक्ती मागे घेतली गेली. चार महिने. त्याआधी आणि त्या काळात लस न घेतलेल्या अनेकांनी ते काम सोडलं होतं. जिथे मुळातच माणसं मिळत नाहीत अशा ठिकाणी म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालणारे, घास भरवणारे हात कमी झाले, तर तोही रुग्णाच्या जिवाशी खेळ असतो. सक्तीचा हिशेब मांडताना ही बाजू बहुतेक वेळा कागदावर येतच नाही.

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हिपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराबद्दल. एक तर मी ते वर्षानुवर्षं जवळून पाहिलंय, आणि सक्ती व मोकळीक यांच्या मधली जी वाट मी सुचवतो ती इथूनच आली आहे.

बाधित रक्त असलेली सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्या माणसाला, ६ ते ३० टक्के. तरी लोक घाबरतात एचआयव्हीला. अमेरिकेत १९८३च्या सुमारास दरवर्षी दहा हजारांहून जास्त आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी कामातून होत असे. लस आणि काळजीच्या नियमांनंतर तो आकडा काही शेकड्यांवर आला. त्यात १९९१च्या एका नियमाचा मोठा हात आहे. रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, कामावर नेमल्यापासून दहा कामाच्या दिवसांत, मालकानं ही लस फुकट देऊ केलीच पाहिजे. सक्ती आहे ती मालकावर. कर्मचारी नाही म्हणू शकतो, पण त्यानं एका कागदावर सही करायची : मला धोका समजावून सांगितला आहे, लस मोफत मिळते आहे, तरी मी ती आत्ता घेत नाही, पुढे याच कामात असताना मन बदललं तर ती मला मोफतच मिळेल. ते शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. नकार देणाऱ्याच्या मागे दार लावून घेतलं जात नाही.

असंच नकारपत्र मी अनेक ठिकाणी लागू केलं. सही करताना माणूस थबकतो, दोन प्रश्न विचारतो, आणि पुष्कळदा त्याच खुर्चीत बाही वर करतो.

आता ज्या घटनेनं माझी कामाची पद्धत बदलली ती सांगतो. रुग्णालयाचं नाव देत नाही. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. जैविक कचरा गोळा करणारी एक बाई माझ्या खोलीत आली, उजव्या हाताचा मोजा अर्धा काढलेला, अंगठ्याच्या बुडाशी रक्ताचा एकच टिपूस. पिशवी बांधताना आतून सुई आली होती. सुई असायला हवी होती भोक न पडणाऱ्या डब्यात. कुणीतरी घाईत पिशवीत टाकली होती. पिशवी ज्या वॉर्डातून आली तिथे हिपॅटायटिस बीचा रुग्ण होता. मी नळाखाली तिचा हात साबणानं धुवायला लावला आणि लसीचं रजिस्टर काढलं. त्या रुग्णालयात लसीकरण ९६ टक्के होतं, भिंतीवर तसा तक्ता लावलेला होता. तिचं नाव रजिस्टरात नव्हतं. तिच्या पाळीतल्या सहाही जणींची नावं नव्हती. त्या कंत्राटदाराकडच्या होत्या, म्हणून ९६ टक्क्यांच्या हिशेबातच त्या धरलेल्या नव्हत्या. डॉक्टरांना लस होती, नर्सना होती, आणि रोज सुयांच्या पिशव्या उचलणाऱ्या बायकांना नव्हती.

तिला त्याच रात्री तयार प्रतिपिंडांचं (विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांचं) इंजेक्शन आणि लसीचा पहिला डोस दिला. पुढचे सहा महिने ती रिपोर्टची वाट पाहत होती. नवऱ्याला काय सांगू, हे तिनं मला तीनदा विचारलं. शेवटचा रिपोर्टही निगेटिव्ह आला. तिनं लस नाकारली, असं कुणी म्हणू शकत नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून कुठल्याही मालकानं 'सक्ती करू का' असं विचारलं की मी आधी विचारतो, तुम्ही सगळ्यांना देऊ केली आहे का? रात्रपाळीला? कंत्राटी माणसांना? कामाच्या वेळेत, पगार न कापता? दुसऱ्या दिवशी ताप आला तर पगारी सुट्टी आहे का? एका गोदामात चौदा जण 'लसविरोधी' आहेत अशी तक्रार घेऊन व्यवस्थापक माझ्याकडे आले होते. मी एकेकाशी दार लावून बोललो. त्यातले आठ जण रोजंदारीचे निघाले. ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडेल एवढीच त्यांची अडचण होती. दोघांना सुईची इतकी भीती की टोचताच चक्कर येई. त्यांना आडवं झोपवून लस दिली, काही झालं नाही. एकीला गर्भारपणाची शंका होती आणि ते ऑफिसात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मनापासून विरोध असलेले तीनच होते. आधीच सक्तीची नोटीस लागली असती, तर हे चौदाही जण एका रांगेत उभे राहिले असते आणि त्या अकरा जणांची खरी अडचण कुणालाच कळली नसती.

त्या गर्भवतीच्या निमित्तानं गुप्ततेबद्दल. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी जिवंत विषाणूंच्या असतात. गरोदर बाईला आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसाला त्या देत नाहीत. म्हणजे 'लस का नाही घेतली' या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा त्या माणसाचं अगदी खासगी गुपित असतं. ते डॉक्टरच्या फाइलमध्ये राहावं. सुपरवायझरला एवढंच कळावं की हा माणूस या जागेवर काम करू शकतो किंवा करू शकत नाही. एके ठिकाणी सूचना फलकावर लस न घेतलेल्यांची यादी लाल शाईत लावलेली मी पाहिली आहे. मी ती तिथल्या तिथे काढायला लावली. ज्यांची नावं त्यात होती त्यांच्यापैकी एकजण केमोथेरपी घेत होता.

आता मी ठाम राहतो त्या जागा. नवजात बाळांचा कक्ष, अवयव प्रत्यारोपणाचा वॉर्ड, कॅन्सरच्या मुलांचा वॉर्ड : इथे गोवर, कांजिण्या, डांग्या खोकला आणि फ्लू यांपासून संरक्षण असल्याशिवाय रुग्णाजवळ नेमणूक नाही. एखाद्या जंतूवर काम करणारी प्रयोगशाळा : त्या जंतूवर लस असेल तर ती घेतल्याशिवाय त्या टेबलावर बसायचं नाही. आणि रेबीज. इथे माझाच आधीचा युक्तिवाद अडखळतो हे मी मान्य करतो. भटकी किंवा संशयित कुत्री हाताळणाऱ्यानं रेबीजची लस नाकारली तर धोका त्याचा एकट्याचा आहे, धनुर्वातासारखाच. तरीही मी त्याला पिंजऱ्यापाशी जाऊ देणार नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि अशा मरणाच्या जागी कुणाला निःशस्त्र पाठवण्याचा अधिकार मालकाला नाही, त्या माणसाची संमती असली तरी. हेल्मेटशिवाय कुणाला मचाणावर चढू देत नाहीत, तसंच हे.

पण 'त्या जागेवर नाही' म्हणजे 'नोकरीवर नाही' असं लगेच होत नाही. आधी दुसरी जागा शोधा, खरोखर शोधा. ती नसेलच तर मुदत द्या. हिपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकानं सहा महिन्यांत होतात, आणि मग एक-दोन महिन्यांनी रक्ततपासणीत प्रतिपिंडांची पातळी १०च्या वर (mIU/mL या मापात) आली की आपण निश्चिंत होतो. 'पंधरा दिवसांत लसीकरण पूर्ण करा, अन्यथा कारवाई' अशी नोटीस मी वाचलेली आहे. ती पाळणं कुणालाच शक्य नव्हतं. नव्या भरतीत मात्र अट जाहिरातीतच लिहा. नोकरी स्वीकारण्याआधी माहीत असलेली अट आणि दहा वर्षं काम केल्यावर अचानक आलेली अट, यांत फार फरक आहे. आणि धोरणात आणखी एक ओळ हवी : आम्ही मागितलेल्या लसीमुळे त्रास झाला तर उपचारांचा खर्च आणि रजा आमची. जो मागतो त्यानं जबाबदारीही घ्यायची. ही ओळ घालायला जो मालक तयार नाही त्याला सक्तीचा नैतिक अधिकार आहे असं मला वाटत नाही.

राहिला शेजारी न बसणाऱ्यांचा प्रश्न. त्यांची भीती खरी आहे, तिला हसू नका. पण ऑफिसात फ्लू आणतो तो बहुतेक वेळा लस न घेतलेला माणूस नसतो, तर अंगात ताप असताना रजा कापली जाईल म्हणून कामावर आलेला माणूस असतो, मग त्यानं लस घेतलेली असो वा नसो. आजारपणाची पगारी रजा मोकळेपणानं द्या, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पहिले दोन दिवस तरी. बंद एसीच्या खोलीत बाहेरची हवा किती येते ते तपासून घ्या. या दोन गोष्टींनी तुमच्या ऑफिसात जे साधेल ते सक्तीच्या नोटिशीनं साधणार नाही.

तर तुमच्या दीडशे जणांसाठी : ऑफिसला कसलीच सक्ती नाही, दरवर्षी फ्लूच्या लसीचं शिबिर जागेवर, मोफत, कामाच्या वेळेत. गोदामातल्या प्रत्येकाची धनुर्वाताची नोंद तपासा आणि दहा वर्षं उलटली असतील तर बूस्टर देऊ करा. नर्सला आणि तिच्या खोलीची सफाई करणाऱ्यांना हिपॅटायटिस बीची लस, नाहीतर समजावून घेतलेलं नकारपत्र. गोदामाची सफाई बाहेरचा कंत्राटदार करतो असं तुम्ही लिहिलंय. त्याच्याकडून रात्रपाळीच्या माणसांचीही यादी मागवा, आणि पहिलं शिबिर त्यांच्या पाळीच्या वेळेला ठेवा.